'इमॅजिन' म्हणजे दर वेळी कल्पना करणंच का?

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टचं काम बघते, म्हणजे बाहेरच्या गिऱ्हाइकांचे मेल वाचायचे, उत्तरं द्यायची, कागदपत्रं पुढं पाठवायची. परवा इंग्लंडच्या एका पार्टीचा मेल आला, त्यात वाक्य होतं, "आय इमॅजिन द कंटेनर हॅज लेफ्ट न्हावा शेवा बाय नाऊ." मालकांनी मला मेल मोठ्यानं वाचायला सांगितला आणि ह्याच वाक्यावर थांबवलं. म्हणाले, हा कल्पना कशाला करतोय, आपण तारीख कळवलीय की, का ह्याला वाटतंय आपण थापा मारलालाव म्हणून? मी म्हटलं मालक तसं नाही, 'एव्हाना कंटेनर निघाला असेल' एवढंच म्हणायचंय त्याला. त्यांनी मान हलवली पण चेहऱ्यावरून दिसत होतं की पटलेलं नाही.

आणि त्यांचं काही चुकतंय असंही नाही, कारण आपण सगळ्यांनी शाळेत एकच पाठ केलंय, इमॅजिन म्हणजे कल्पना करणे, विषय संपला. पण तेव्हापासून मी हे क्रियापद जिथं भेटेल तिथं टिपून ठेवतेय आणि मला दिसतंय की निम्म्याहून जास्त वेळा 'कल्पना करणे' घातलं की वाक्य बिघडतंच. "आय इमॅजिन सो" म्हणजे 'मी अशी कल्पना करते' नाही, 'असेल की', 'तसंच असणार'. "यू आर इमॅजिनिंग थिंग्ज" म्हणजे 'तू गोष्टींची कल्पना करतोयस' नाही, 'तुला भास होतोय', 'उगं मनात काहीबाही आणू नको'. "आय कॅन इमॅजिन" म्हणजे बऱ्याचदा नुसतं 'हो ना, समजू शकते मी'. मराठीत ह्या तिन्हीला तीन वेगळ्या जागा आहेत आणि इंग्रजी एकाच शब्दावर भागवतं.

ज्यांना इंग्रजीत रोज काम करावं लागतं, शिकवावं लागतं, परीक्षा द्याव्या लागतात त्यांनी जरूर लिहा, आपल्या सोलापूरच्या माणसाला हे क्रियापद नीट कळावं असा धागा व्हायला पाहिजे.

बाळीवेस_मास्तर

ताई, फार चांगला विषय काढलात. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं त्यामुळं जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

तुमच्या मेलातल्या वाक्यात खरी गंमत मराठीच्या बाजूला आहे. "निघाला असेल" हे जे तुम्ही मालकांना सांगितलंत त्यात 'वाटतं' सुद्धा नाहीये, बघा. आपल्याकडं अंदाज क्रियापदाच्या रूपातच बसलेला असतो. आला असेल, जेवला असेल, झोपली असेल. हे 'असेल' दिसायला भविष्यकाळी, पण बोलतंय झालेल्या गोष्टीबद्दल, आणि सांगतंय की मी बघितलेलं नाही पण माझा तसा अंदाज आहे. इंग्रजीत त्यासाठी एकतर 'मस्ट हॅव', 'विल हॅव' असं काही घालावं लागतं नाहीतर वाक्याच्या सुरुवातीला 'आय इमॅजिन', 'आय सपोज', 'आय एक्स्पेक्ट' असं काहीतरी जोडावं लागतं. म्हणून अशा ठिकाणी इमॅजिनचं भाषांतर करायला शब्द शोधत बसूच नका, तो शब्द गाळा आणि क्रियापदाला 'असेल' लावा.

त्यात ब्रिटिश माणसाला सरळ विचारणं थोडं उद्धट वाटतं, "हॅज द कंटेनर लेफ्ट?" असं विचारलं तर ती तपासणी झाली. 'आय इमॅजिन' लावलं की प्रश्नाची धार जाते, समोरच्याला 'हो निघाला' किंवा 'नाही, दोन दिवस लागतील' म्हणायला जागा राहते. म्हणजे तुमच्या मालकांना जिथं संशय दिसला तिथं प्रत्यक्षात अदब आहे. त्यांना हे नक्की सांगा.

ह्या अर्थानं वापरताना 'आय अॅम इमॅजिनिंग' करायचं नाही. अंदाजाचं इमॅजिन साध्या वर्तमानातच राहतं. '-इंग' लावलं की ते डोळ्यासमोर चित्र आणण्याकडं किंवा भासाकडं सरकतं. "आय अॅम इमॅजिनिंग द कंटेनर हॅज लेफ्ट" म्हणालात तर मात्र मालकांचीच शंका खरी ठरेल, माणूस डोळे मिटून कंटेनर बघत बसलाय असं होईल.

आणि नकार. "आय डोन्ट इमॅजिन ही विल कम" ह्यात नकार इमॅजिनला लागलाय पण अर्थानं तो येण्याला आहे, तो येणार नाही असं मला वाटतं. आपल्याकडं हुबेहूब तसंच, "तो येईल असं मला वाटत नाही". पोरांना हे सांगितलं की लगेच कळतं कारण आपल्या घरात रोज ह्याच पद्धतीनं बोलतात.

विजापूररोड

सर नमस्कार, मी आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जायला लागते त्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतोय. क्लासमध्ये मी लिहिलं होतं "आय कान्ट इमॅजिन टु लिव्ह विदाउट कडक भाकरी" आणि त्यांनी 'टु लिव्ह' वर लाल गोल केला, 'लिव्हिंग' लिहिलं, पण का ते सांगितलं नाही, म्हणाले पाठ कर. मला कारण पाहिजे सर, पाठ केलेलं परीक्षेत आठवत नाही.

बाळीवेस_मास्तर

बाळा, नुसतं पाठ नको, असं बघ. वाँट, होप, डिसाइड, प्लॅन, ही क्रियापदं पुढं बघतात, अजून न झालेल्या कामाकडं जातात, त्यांच्यानंतर 'टु' येतो. एंजॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, इमॅजिन ह्यांना मात्र एक अख्खी गोष्ट हातात धरायला लागते, नामासारखी, म्हणून '-इंग'. भाकरीशिवाय 'जगणं' ही एक गोष्ट, तिची तू कल्पना करतोस. मराठीत सुद्धा तू 'जगण्याची कल्पना' म्हणतोस, 'जगायला कल्पना' म्हणत नाहीस ना? 'जगणं' हे आपलं '-णं' आणि त्यांचं '-इंग' इथं बरोबर जुळतं. सगळीकडं जुळेल असं नाही, पण इमॅजिनपाशी हा आधार पक्का आहे.

करणारा दुसरा असेल तर त्याला मध्ये घालायचं, "इमॅजिन हिम ड्रायव्हिंग इन द गड्डा क्राउड", गड्डा जत्रेच्या गर्दीत तो गाडी चालवतोय अशी कल्पना कर. 'टु' अगदीच येत नाही असं नाही, 'टु बी' बरोबर येतो, "आय इमॅजिन्ड हर टु बी टॉलर", मला वाटलं होतं ती उंच असेल. पण तिथं 'हर' मध्ये आहे हे लक्षात ठेव. इमॅजिनला चिकटून लगेच 'टु' लिहायचा नाही.

विजापूररोड

आता डोक्यात बसलं सर. म्हणजे "इमॅजिन गेटिंग टॅप वॉटर एव्हरी डे", रोज नळाला पाणी येणं. उजनी धरण भरलेलं असताना पण आपल्याला हे वाक्य कल्पनेतच म्हणायला लागतंय हे फार वाईट आहे.

पूर्वभाग

काय मस्त धागा बे. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, मागावर आणि मार्केटात हिंदी, त्यामुळं मला हे चार बाजूंनी दिसतं. तेलुगूत 'समजा' म्हणायला 'अनुको' म्हणतात, मोठ्या माणसाला 'अनुकोंडी'. त्यात 'अनु' म्हणजे म्हणणे आणि 'को' म्हणजे स्वतःसाठी, स्वतःशी. म्हणजे आम्ही कल्पना करत नाही, स्वतःशी म्हणतो. आई गणित घालायची तेव्हा "नीकु पदि रूपायलु उन्नाय अनुको", तुझ्याकडं दहा रुपये आहेत असं मनाशी म्हण. त्यात कुठलंच चित्र नाही, दहाची नोट डोळ्यासमोर आणायची गरज नाही, नुसतं तसं धरून चालायचं.

मराठीत पण तसंच 'धर'. "धर, तुझ्याकडं दहा रुपये हायत." हे धरणं इंग्रजी इमॅजिनमध्ये पण आहे असं मला वाटतं, "इमॅजिन यू हॅव टेन रुपीज". सपोज आणि इमॅजिन इथं एकच का सर?

होटगीची_अक्का

आमच्या कन्नडमध्ये पण तेच, 'अन्कोंडिद्दे' म्हणजे 'मला वाटलं होतं', शब्दशः मनाशी म्हटलं होतं. आणि दुसरा शब्द 'ऊहिसु', तेलुगूत 'ऊहिंचु'. हा ऊह संस्कृतातला, म्हणजे तर्क. मराठीत तो एकटा फिरत नाही, पण 'ऊहापोह' मध्ये बसलाय बघा, ऊह आणि अपोह, एक बाजू मांडायची आणि दुसरी काढून टाकायची. आपण सभेत "बराच ऊहापोह झाला" म्हणतो तेव्हा त्यात इमॅजिनचा भाऊ आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. सोलापुरात एका चौकात उभं राहिलं तरी एवढ्या भाषा कानावर पडतात, पोरांना इंग्रजी शिकवताना त्यांच्या घरच्या भाषेतून का शिकवत नाहीत ह्याचं मला नेहमी वाईट वाटतं.

बाळीवेस_मास्तर

पूर्वभाग, तुमचं 'अनुको' फार आवडलं. सपोज आणि इमॅजिन ह्या जागी शेजारी शेजारी आहेत पण एक नाहीत. भूमितीच्या सिद्धतेत 'समजा रेघ अ ब...' तिथं सपोजच, इमॅजिन घातलं तर गोष्ट सांगितल्यासारखं होतं. सपोज हिशोबापुरतं धरतं आणि पुढं जातं. इमॅजिन म्हणतं, जरा आत शिर, राहून बघ. "सपोज यू लॉस्ट युवर जॉब", नोकरी गेली समजा, मग हप्ता कसा भरणार? "इमॅजिन लूझिंग युवर जॉब", नोकरी गेल्यावर सकाळी कसं वाटेल ते बघ. पहिल्यात आकडेमोड आहे, दुसऱ्यात पोटात गोळा.

अक्का, घरच्या भाषेतून शिकवण्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन.

नाईट_ड्यूटी

मी नर्स आहे, बाहेर जाण्यासाठी ओईटीची, म्हणजे दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या इंग्रजीची परीक्षा देणार आहे, त्यात बोलण्याच्या पेपरात समोर पेशंट नाहीतर नातेवाईक बनून माणूस बसतो आणि तुम्ही त्याच्याशी कसं बोलता ते बघतात, नुसतं व्याकरण नाही. तिथं हे क्रियापद सतत लागतं आणि तिथंच ते सगळ्यात नाजूक आहे म्हणून लिहितेय.

"आय कॅन इमॅजिन हाऊ वरीड यू आर", तुम्हाला किती काळजी वाटत असेल ते समजतंय मला. हे बरोबर. पण समजा कुणाचं मूल गेलंय आणि तुम्ही "आय कॅन इमॅजिन" म्हणालात तर ते लागू शकतं, कारण समोरच्याला वाटतं तू काय कल्पना करणार माझ्या दुःखाची. तिथं उलटं म्हणतात, "आय कान्ट इमॅजिन व्हॉट यू आर गोइंग थ्रू." शब्दाला धरून गेलं तर वाटेल की ही म्हणतेय मला कळत नाही, पण अर्थ असा की तुमचं दुःख इतकं मोठंय की मी त्याचा अंदाज केला असं म्हणायचा मला अधिकार नाही.

आणि मराठीत ह्याला किती चांगली सोय आहे बघा. 'कल्पना करू शकत नाही' आणि 'कल्पना करवत नाही' ह्यात फरक आहे. करू शकत नाही म्हणजे माझी कुवत नाही. करवत नाही म्हणजे मन धजत नाही, सहन होत नाही. बघवत नाही, ऐकवत नाही, खाववत नाही तसं. वॉर्डात रात्री आया बोलतात ते हेच, "कल्पनाच करवत नाही गं". इंग्रजीत त्यासाठी "आय कान्ट बेअर टु इमॅजिन" असं लांब म्हणावं लागतं. माझ्या बरोबरच्या मुली दोन्हीला 'कान्ट इमॅजिन'च म्हणतात, पण कोणतं म्हणायचंय ते आधी मराठीत ठरवलं तर इंग्रजी आपोआप नीट येतं हा माझा अनुभव आहे.

शेंगाचटणी

नाईट_ड्यूटी, तुमचा प्रतिसाद जपून ठेवलाय. करवत नाही आणि करू शकत नाही हे मी आयुष्यभर बोलतेय पण असं समोर मांडून कधी बघितलं नव्हतं.

आणखी एक. मराठीत 'कल्पना' हा शब्द स्वतःच किती कामं करतो. "मला कल्पना नाही" म्हणजे माहीत नाही. "मी त्यांना कल्पना दिली होती" म्हणजे आधी सांगून ठेवलं होतं. "चांगली कल्पना आहे" म्हणजे सुचलेली गोष्ट. ह्या तिन्हीत इमॅजिनेशन कुठंच नाही. पहिल्या आणि तिसऱ्याला 'आयडिया' आणि दुसऱ्याला सरळ 'टोल्ड देम इन अॅडव्हान्स'. ऑफिसात नवीन पोरं 'कल्पना' दिसली की इमॅजिन टाकतात आणि घोळ होतो.

जकार्डवाला

मी चादरीची डिझाइनं काढतो. हा शब्द आमच्या कामात रोज आहे पण आम्ही कधी इमॅजिन म्हणत नाही, 'डोळ्यासमोर आणा' म्हणतो. ग्राफ पेपरवर एकेक घर भरायचं, भरलेलं घर म्हणजे तिथं उभा धागा वर उचलला जाणार, रिकामं घर म्हणजे खाली राहणार. कार्डाला तिथं भोक पडतं किंवा पडत नाही, जकार्डला, म्हणजे मागावर नक्षीसाठी धागे उचलणाऱ्या यंत्राला, एवढंच कळतं. कागदावर मोर बघितला तर मोर वाटतच नाही, नुसते चौकोनी ठिपके, पण माग सुरू व्हायच्या आधी मला त्याचा पिसारा दिसतो, कुठल्या जागी रंग तुटेल ते दिसतं, पिसाऱ्याचं टोक किनारीला घासणार असेल तर ते कागदावरच सापडतं. मला वाटतं हे 'व्हिज्युअलाइझ' झालं, इमॅजिनपेक्षा जास्त नेमकं. इमॅजिनमध्ये काहीही येऊ शकतं, इथं धाग्याबाहेर जाता येत नाही.

एक शंका. माझ्या पुतण्याच्या बायोडेटात 'इमॅजिनरी डिझायनर' लिहिलंय, ते बरोबर आहे का?

बाळीवेस_मास्तर

आजच बदलायला सांगा. इमॅजिनरी म्हणजे काल्पनिक, अस्तित्वात नसलेला. इमॅजिनेटिव्ह म्हणजे कल्पक. मराठीत ही जोडी आपल्याकडं तयारच आहे, काल्पनिक आणि कल्पक, कुणी गोंधळत नाही. पुतण्या कल्पक डिझायनर आहे, 'इमॅजिनेटिव्ह डिझायनर'. व्हिज्युअलाइझबद्दल तुमचं म्हणणं अगदी मान्य.

गणिताच्या_बाई

इमॅजिनरीवरून लिहायलाच हवं. गणितात 'काल्पनिक संख्या', म्हणजे वजा एकच्या वर्गमुळावरून बनणाऱ्या संख्या शिकवताना पोरं विचारतात, खोटी आहे तर शिकायची कशाला. हे नाव देकार्तनं 1637 साली वापरलं आणि ते चिकटलं. वजा एकचं वर्गमूळ त्या काळच्या लोकांना खरं वाटत नव्हतं. पुढं गाउसला हे नाव पसंत नव्हतं, त्यानं 'लॅटरल' म्हणजे बाजूची असं सुचवलं होतं, कारण ती नेहमीच्या संख्यारेषेवर नसते, रेषेच्या बाजूला जाते. ते नाव चाललं असतं तर पोरांची भीती निम्मी कमी झाली असती. आज एसी विजेचं गणित ह्याच संख्यांनी करतात.

आणि जकार्डवाल्या दादांच्या उलट माझं आहे. मला डोळ्यासमोर चित्र येतच नाही. 'समुद्राची कल्पना करा' म्हटलं की मला समुद्राबद्दल सगळं माहीत असतं, दिसत काही नाही. मला वाटायचं सगळेच 'डोळ्यासमोर आणा' हे म्हणण्यापुरतं म्हणतात. मग वाचलं की फ्रान्सिस गॉल्टननं 1880 साली लोकांना विचारलं होतं, आज सकाळी ज्या टेबलावर नाश्ता केलात ते आठवा आणि किती स्पष्ट दिसतंय सांगा, आणि काही जणांनी, त्यात शास्त्रज्ञ बरेच, सांगितलं की काहीच दिसत नाही. 2015 साली अॅडम झीमन ह्या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञानं त्याला 'अफँटेशिया' नाव दिलं. इमॅजिन हा शब्द लॅटिन 'इमागो'वरून आलाय, म्हणजे प्रतिमा, पण चित्र दिसल्याशिवाय सुद्धा इमॅजिन करता येतं ह्याचा मी जिवंत पुरावा आहे, मी त्रिमितीय भूमिती शिकवते. पूर्वभाग ह्यांचं 'अनुको' मला म्हणूनच जवळचं वाटलं. मी बघत नाही, मनाशी म्हणते.

पूर्वभाग

बाई, हे वाचून अंगावर काटा आला. आमचे एक मामा पण असंच म्हणायचे, कुणी विश्वास ठेवायचं नाही. त्यांना हे वाचून दाखवणार.

कोर्टाच्या_पायऱ्या

वकिली करतो, म्हणून एक जुनी गोष्ट. इंग्लंडच्या 1351 च्या राजद्रोहाच्या कायद्यात गुन्हा काय सांगितलाय, तर राजाचा मृत्यू 'कंपास ऑर इमॅजिन' करणं. आजच्या अर्थानं वाचलं तर राजा मेल्याची नुसती कल्पना केली म्हणून फासावर चढवणार असं वाटतं. पण त्या काळी इमॅजिनचा एक अर्थ बेत आखणं, कट रचणं असा होता. आपल्याकडं त्या जागेवर 'मनसुबा' बसतो, मनसुबा मनातच असतो पण त्यात करायचा इरादा असतो. हा अर्थ इंग्रजीत आता मेला, पण कायद्यात शब्द तसाच राहिला, म्हणून जुने कागद वाचताना आजचा अर्थ घालू नये.

होटगीची_अक्का

आणि ज्यात इरादा नाही, नुसतं खाणं आहे, ते मनातले मांडे. वाईटाची कल्पना असेल तर 'मन चिंती ते वैरी न चिंती'. नाईट_ड्यूटी म्हणतात त्या आयांना ही म्हण बरोबर लागू पडते, रात्री फोन वाजला की आधी वाईटच मनात येतं.

नव्या पेठेत 'फॅन्सी साड्या' लिहितात तो फॅन्सी पण ह्याच घरातला ना सर?

बाळीवेस_मास्तर

हो अक्का. फॅन्सी हा फँटसीचाच आखडलेला शब्द, मूळ ग्रीक 'फँटेशिया', बाईंच्या अफँटेशियात तोच आहे. इंग्रज "फॅन्सी दॅट!" म्हणतो तेव्हा 'इमॅजिन!' सारखाच, 'बघा की!' एवढाच अर्थ. "फॅन्सी अ कप ऑफ टी?" मध्ये मात्र चहा घेणार का असं विचारतोय.

विजापूररोड

सर शेवटचं. "आय नेव्हर इमॅजिन्ड" आणि "आय कुड नेव्हर हॅव इमॅजिन्ड" ह्यात काय फरक? मॉडेल उत्तरांत दोन्ही दिसतात.

बाळीवेस_मास्तर

पहिलं म्हणजे माझ्या मनात कधी आलं नाही. "आय नेव्हर इमॅजिन्ड आय वुड लिव्ह सोलापूर", सोलापूर सोडेन असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. दुसरं म्हणजे मनात आणायचं ठरवलं असतं तरी आलं नसतं, माझ्या कल्पनेच्या बाहेरचं होतं. मोठ्या धक्क्याला किंवा मोठ्या आनंदाला दुसरं वापर, रोजच्या गोष्टीला पहिलं पुरे. आणि परीक्षेत निबंधात दोन्ही एकदम घालू नकोस, एक वाक्य नीट लिही.